गाडी दारात आली, नावावर कधी येणार?

"सर, मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मिस्टरांचं औषधांचं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी मिरजेच्या एका गृहस्थांकडून २०१९ची वॅगनआर घेतली. एक लिटरचं इंजिन, कंपनीचं सीएनजी, पावणेचार लाखांना. घरातली पहिलीच चारचाकी. मीटरवर ४१ हजार किलोमीटर आहेत. सह्या केलेले फॉर्म एजंटकडे आहेत. तो म्हणतो, 'मॅडम, घाई काय? विमा संपला की सगळं एकदमच करू.' गाडी छान चालते, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टक-टक आवाज येतो. शेजारचे म्हणतात सगळी ऑइलं बदला, दीर म्हणतात टायर बदला, वडील म्हणतात लोकांची उतरलेली गाडी घेतलीच कशाला. मीटर खरं असेल का, आपण फसलो तर नाही ना, हे रात्री मनात येत राहतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गणपतीपुळ्याला न्यायचं आहे. ही गाडी न्यावी का?"
(एक वाचक भगिनी, तासगाव)

ताई,

एजंटचं ते 'घाई काय' वाचलं आणि आवाज, टायर, मीटर हे सगळं बाजूला ठेवलं. आधी याचंच उत्तर देतो. घाई आहे, आणि तुम्ही आधीच उशीर केला आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी विकल्याचं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत ती नावावर करायला द्यायची असते. तुमचे साठ दिवस होऊन गेले. थोडं विलंब शुल्क पडेल, ते भरून टाका. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण आणखी एक आठवडाही जाऊ देऊ नका.

मी हे इतकं कळकळीनं का सांगतो, तेही सांगतो. माझी पहिली गाडी जुनी मारुती ८०० होती, ओळखीतल्या एका वयस्कर गृहस्थांची. माणूस सज्जन, व्यवहार रोखठोक. फॉर्मवर सह्या झाल्या, एजंटनं कागद पिशवीत घातले आणि आठ महिने ती पिशवी त्याच्या टेबलाखाली राहिली. मीही विचारलं नाही, कारण गाडी तर दारात होती. मग एके दिवशी कळलं की ते गृहस्थ गेले. मधल्या काळात फॉर्म जुने झाले होते आणि एक सही राहिलेली होती. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तेराव्याला चार दिवस होते. त्यांच्या पत्नी लोखंडी कपाटातून एकेक फाइल काढून माझ्यापुढे ठेवत होत्या आणि दर फाइलवर त्यांच्या यजमानांचं अक्षर होतं. मला तिथं बसवेना. पुढे वारसांच्या नावानं कागद, दोन मुलांची संमती, त्यातला एक परदेशात. वर्ष गेलं. दुःखातल्या घरात आपण एका सहीसाठी चकरा मारतो आहोत, ही भावना फार वाईट असते. ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

तेव्हा एवढं करा. येत्या शनिवारी एजंटकडून सगळे कागद ताब्यात घ्या आणि टेबलावर मांडा. फॉर्म २९च्या (विक्री कळवण्याच्या) दोन प्रती, फॉर्म ३० (नावावर करण्याचा अर्ज), मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ही प्रिंट म्हणजे चेसिसवर कोरलेल्या नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि आकडे उमटवतात. ती काढताना तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा आणि उमटलेला आकडा आरसीवरच्या आकड्याशी एकेक अक्षर जुळवून बघा. जुन्या गाडीच्या बाबतीत याच्याइतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही आणि तिला पैसे लागत नाहीत.

आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का, तेही बघा. मूळ मालकानं कर्जावर गाडी घेतली असेल आणि हप्ते फिटले तरी बोजा उतरवायचा राहिलेला असणं फार सर्रास आहे. तसं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) लागेल, आणि ते आणायचं काम विकणाऱ्याचं आहे, तुमचं नाही. एजंटकडून सरकारी शुल्क किती आणि त्याचं मानधन किती हे वेगवेगळं लिहून घ्या. गाडी आणि तुम्ही दोघंही सांगली जिल्ह्यातले, एमएच-१०मधले, म्हणजे तुमचं काम सोपं आहे. परराज्यातली गाडी असती तर कर आणि ना-हरकतीचं मोठं प्रकरण झालं असतं.

आता मिरजेच्या गृहस्थांना फोन करा. हल्ली ऑनलाइन अर्जात विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणजे त्यांची मदत लागणारच. ते टाळाटाळ करायला लागले तर भांडू नका. शांतपणे एवढंच सांगा की गाडी कागदावर अजून तुमची आहे, उद्या आमच्या हातून काही झालं तर नोटीस तुम्हाला येईल. हे धमकी म्हणून नाही, खरं आहे म्हणून सांगायचं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण आलं होतं. मालकानं गाडी विकलेली, ती पुढे आणखी काही हात फिरलेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघातात जीव गेला, आणि न्यायालयानं भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव होतं त्याच्यावरच टाकली. हे ऐकलेल्या माणसाच्या मागं सहीसाठी लागावं लागत नाही, तोच आपल्या मागं लागतो.

त्यांच्याकडून एक ताबा पावतीही करून घ्या. गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता दिली आणि मीटरवर तेव्हा किती किलोमीटर होते, एवढं साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. जुनी ई-चलनं निघाली तर तारीख बघून कुणी भरायची ते वाद न होता ठरतं. गाडीचा नंबर टाकून वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर ती आजच बघून घ्या.

विम्याबद्दल एजंटनं तुम्हाला जे सांगितलं, ते चूक तर आहेच, तुमच्यासाठी धोक्याचंही आहे. गाडी विकली की तिऱ्हाईताचा विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागू होणारा भाग, कायद्यानं नव्या मालकाकडे येतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. ती जुन्या नावावर राहिली आणि उद्या कुणी ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यानं मागचं दार चेपलं, तर कंपनी दावा नाकारेल. बहुतेक वेळा त्याच पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो आज मिरजेच्या गृहस्थांच्या नावावर आहे. गाडी रोज तुम्ही चालवता आणि संरक्षण त्यांना आहे! नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो ते स्वतःच्या पुढच्या गाडीला नेतील आणि तुम्हाला तेवढा फरक भरावा लागेल. तो आनंदानं भरा.

फास्टॅगही जुन्या मालकानं बंद करायचा आणि तुम्ही तुमच्या नावाचा नवा घ्यायचा. आरसी नावावर झाली की लगेच.

आता मीटर. ताई, मला ४१ हजार थोडे कमी वाटतात, हे मोकळेपणानं सांगतो. सीएनजी गाडी माणूस घेतो ती बहुतेक जास्त फिरायचं असतं म्हणून. वर्षाला सहा-सात हजार चालवणारा सहसा पेट्रोलच घेतो. पण 'सहसा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. निवृत्त माणसं काटकसर म्हणूनही सीएनजी घेतात. तर्क करत रात्री जागण्यापेक्षा मारुतीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, आरसी दाखवा आणि गाडीचा सर्व्हिसचा इतिहास मागा. प्रत्येक वेळी गाडी आत आली की तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात. २०२१ला १८ हजार, २०२३ला ३० हजार असं चढत गेलेलं दिसलं तर मीटर खरं. मधेच आकडा मागं आलेला दिसला तर फिरवलेलं. शिवाय गाडीतच बघा. क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगची वरची बाजू हाताच्या घामानं चकचकीत झालीय का, चालकाच्या सीटची बाहेरची कड बसलीय का. ४१ हजारांच्या गाडीत या तिन्ही जागा बऱ्यापैकी शाबूत असायला हव्यात.

आणि समजा मीटर फिरवलेलं निघालं, तर? विकणाऱ्याशी बोलायचं ते बोला. पण गाडीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच की देखभाल खऱ्या आकड्याप्रमाणे करायची. इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवायला या इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे साखळी आहे, रबरी बेल्ट नाही. त्यामुळे अमुक किलोमीटरला बेल्ट तुटून इंजिन बसेल ही भीती तुम्हाला नाही. ८० हजार फिरलेली वॅगनआर नीट सांभाळलेली असेल तर तीही पुष्कळ वर्षं साथ देते. पावणेचार लाखांत तुम्ही लुटल्या गेलात असं मला तरी दिसत नाही.

सर्व्हिस सेंटरला गेलाच आहात तर आणखी एक गोष्ट विचाराच. ही तुम्हाला एजंटनंही सांगितली नसेल आणि शेजाऱ्यांनीही. आरसीवर गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते लिहिलेलं असतं. एक लिटरच्या वॅगनआर कंपनीनं दुरुस्तीसाठी निदान दोनदा परत बोलावल्या होत्या. ऑगस्ट २०१९मध्ये, १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या ४०,६१८ गाड्या, इंधनाची नळी धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती म्हणून. नंतर जुलै २०२०मध्ये, १५ ऑक्टोबर २०१९पर्यंत बनलेल्या गाड्या, पेट्रोलच्या पंपातल्या संभाव्य दोषासाठी. तुमची २०१९ची गाडी यातल्या एका किंवा दोन्ही यादीत असू शकते. पहिल्या मालकानं ते काम करून घेतलं असेल तर नोंद सापडेल. घेतलं नसेल तर चेसिस नंबर सांगून चौकशी करा. अशी कामं कंपनी स्वतःच्या खर्चानं करून देते. गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली म्हणून ही चौकशी करायचा तुमचा हक्क कमी होत नाही.

टक-टक आवाजाकडे येतो. सकाळी गाडी थंड असताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा, म्हणजे पुढच्या चाकाची आतली बाजू उघडी पडते. मोबाइलचा टॉर्च लावा. चाकाच्या मधोमध इंजिनाकडून एक दांडा आलेला दिसेल, तो एक्सल. चाकाजवळ त्यावर काळं रबरी, घड्याघड्यांचं टोपण असतं, त्याला मेकॅनिक एक्सल बूट म्हणतात. त्याला चीर पडलीय का आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेत का, बघा. बूट फाटलं की ग्रीस बाहेर येतं, आत माती आणि पाणी जातं आणि एक्सलचा जॉइंट खायला लागतो. पूर्ण वळणावर हळू चालताना येणारा टक-टक आवाज बहुतेक त्याचाच असतो. आवाज यायच्या आधी लक्षात आलं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाला म्हणजे जॉइंट बदलावा लागण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या चाकाकडेही बघा. मेकॅनिककडे जाताना 'आवाज येतो' एवढंच सांगू नका. 'डावीकडे पूर्ण वळवल्यावर, पहिल्या गिअरमध्ये, पुढून येतो' असं सांगा. काय बघायचं ते त्याला लगेच कळतं आणि तुमचे नको ते खर्च वाचतात.

शेजारी म्हणतात सगळी ऑइलं बदला, त्यात अर्ध तथ्य आहे. मागच्या सर्व्हिसची पावती नसेल तर इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. दोन-तीन वर्षं जुनं असेल तर लांबच्या घाटउतारावर तापून त्यात बुडबुडे धरतात आणि पॅडल मऊ लागतं. सीएनजीवर स्पार्क प्लगवर जास्त ताण येतो, तेही एकदा काढून बघायला सांगा. कूलंट मात्र रंग स्वच्छ असेल आणि डबीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर लगेच बदलायची गरज नाही. त्यात नळाचं पाणी ओतू नका आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. गिअर ऑइल, इंजेक्टर साफ करणं, इंजिन फ्लश हे कुणी पहिल्याच भेटीत गळ्यात मारायला लागलं तर 'पुढच्या वेळी' म्हणा.

दिरांचं टायरबद्दलचं मत तुम्ही स्वतःच तपासू शकता. टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २२१९ असतील तर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. तुमच्या गाडीचे टायर पहिलेच, कंपनीचे असतील तर नक्षी दिसत असली तरी रबर म्हातारं झालेलं असणार. कडेला बारीक भेगा दिसल्या तर दिरांचं ऐका, चारही बदला. आणि स्टेपनी! डिकीत सिलिंडर असल्यामुळे तिच्याकडे महिनोन्महिने कुणाचं लक्ष जात नाही. जॅक आणि पाना जागेवर आहेत ना, तेही आत्ताच बघा.

सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं मजबुतीची तपासणी, करावी लागते. तुमच्या सिलिंडरची पहिली टेस्ट २०२२च्या सुमाराला आणि दुसरी २०२५च्या सुमाराला व्हायला हवी होती. प्रमाणपत्र मागा. नसेल तर आधी टेस्ट, मग गॅस. यात मी एका दिवसाचीही सवलत द्यायला तयार नाही, कारण त्या सिलिंडरच्या पुढच्याच सीटवर तुमची मुलं बसतात. सिलिंडरवर हातानं बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कोणत्या बाजूला फिरवायचा, हे तुम्हाला आणि मिस्टरांना दोघांनाही माहीत हवं. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, पाव टाकी असू द्या. पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यानंच थंड राहतो. 'सीएनजी आहे, पेट्रोल कशाला' म्हणणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

गाडी अपघातातली आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण 'फसलो का' यात ते आलंच. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. लागतच नसेल तर तो कुणीतरी लपवला असण्याची शंका घ्या. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले, तर पुढून काहीतरी काम झालंय. नंबरप्लेटही बघा. १ एप्रिल २०१९नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी विक्रीच्या वेळीच बसवून मिळते. त्या जागी साधी हौशी पाटी असेल तर ती का बदलली, ते विचारा.

वडिलांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या पिढीनं जुनी गाडी म्हणजे दर महिन्याला गॅरेज, असंच पाहिलंय. या गाडीची नोंदणी २०३४पर्यंत आहे. महिनाभरात त्यांना एकदा पुढच्या सीटवर बसवून सांगलीच्या गणपतीला घेऊन जा, बाकी काही बोलू नका.

आणि गणपतीपुळे. न्या गाडी. पण त्याआधी एक्सलचं काम, ब्रेक ऑइल, ब्रेकचे पुढचे पॅड आणि मागचे लायनर, टायर आणि हायड्रो टेस्ट, एवढं झालेलं हवं आणि विमा तुमच्या नावावर हवा. कामं झाल्यावर लगेच लांब निघू नका. आधी कोल्हापूरला एक चक्कर मारून या. काही राहिलं असेल तर घराजवळच कळेल.

आंबा घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. इंजिनच तिला धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. न्यूट्रलमध्ये तर गाडी अजिबात सोडू नका, कुणी 'अ‍ॅव्हरेज वाढतो' म्हटलं तरी. ब्रेक तापल्याचा जळकट वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, वीस मिनिटं मुलांना घाट दाखवा आणि मग निघा. निघण्यापूर्वी शनिवारच्या त्या कागदांचं काय झालं, ते मला दोन ओळींत नक्की कळवा.